माजी अध्यक्षांच्या खुर्च्या

माझे भावोजी एकदा, एकाच वर्षासाठी, सेवा क्लबाचे अध्यक्ष होते. त्याला आता इतकी वर्षं लोटली की त्या साली जन्मलेल्या पोरांना मिशा फुटल्या. पण घराच्या दारावरची पितळी पाटी वाचा. वर ठळक ‘माजी अध्यक्ष’, खाली त्यांचं नाव, आणि अगदी कोपऱ्यात, चष्मा लावला तरच दिसेल एवढ्या अक्षरांत, माझ्या थोरल्या बहिणीचं. माजी झालेला माणूस गप्प बसतो म्हणतात. यांचं जळलं माजीपण मात्र रोज नव्याने उगवायचं. बाजारात कुणी चुकून ‘अध्यक्षसाहेब’ म्हटलं की मान अशी अलगद वळायची, जसं काही कुणी तिला तेल घातलंय.

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या खोलीत आईची खाट. लग्न मी केलं नाही, आणि भावोजींकडे बघून त्याचा कधी पश्चात्तापही झाला नाही. क्लबाचे पट्टे मीच शिवून देते. खांद्यावरून कमरेपर्यंत येतात ना, सोनेरी झालरीचे, ते. ‘अध्यक्ष’, ‘सचिव’, ‘खजिनदार’, आणि ज्याच्या वाट्याला काहीच आलं नाही त्याला ‘संचालक’. त्यामुळे कुणाचं पोट किती सुटलंय ते मला त्यांच्या डॉक्टरच्याही आधी कळतं. दर वर्षी पट्टा थोडा लांबवावा लागतो.

भावोजींचा धंदा नळ, बेसिन आणि फरश्यांचा. दुकान झकास चालायचं, कारण ते ताई चालवायची. लग्न झालं तेव्हा हा माणूस इतका बुजरा होता की सासुरवाडीला पाणी मागायची लाज वाटायची म्हणून तहानलेला परत जायचा. गिऱ्हाइकाने भाव विचारला की ताईच्या तोंडाकडे बघायचा. आई म्हणायची, गरीब गाय आहे, पोरगी सुखात राहील. मग एका डॉक्टरच्या दवाखान्यात यांनी फरशी बसवली, आणि तो डॉक्टर यांना क्लबात घेऊन गेला. पहिल्याच दिवशी कुणीतरी यांच्या कोटाला बिल्ला टोचला, स्टेजवर बोलावलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाबद्दल? तर आले म्हणून! काडीचं काम न करता टाळ्या मिळतात हे ज्याला असं चाळिशीत कळतं, त्याचं मग पुढे काही खरं नसतं. त्या संध्याकाळी अंगात आलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

घरातही भाषणं सुरू झाली. ताईने चहा पुढे केला की, “या प्रसंगी मी मनापासून आभार मानतो.” भाजी खारट झाली तर, “दोन शब्द सांगावेसे वाटतात.” एकुलता एक मुलगा परगावी नोकरीला. बापाने फोन हातात घेतला की त्याच्याकडचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जायचं. क्लबात आभार मानायचं काम कायमचं भावोजींकडे, आणि त्याचा त्यांना असा अभिमान, की आदल्या दिवशी आरशासमोर तालीम चालायची. ताई पलंगाच्या चादरीला घड्या घालत ऐकायची आणि मान डोलवायची. मी एकदा म्हटलं, “अगं, तू कशाला ऐकतेस हे चऱ्हाट?” तर म्हणाली, “धाकटे, एवढ्यावर माणूस खूश राहतोय तर आपलं काय जातंय?” जायचं ते पुढे गेलंच.

आता क्लबाची सेवा म्हणजे काय, ते जरा सांगते. सरकारी दवाखान्याच्या बाहेर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी यांनी बाक बसवले. चांगले सिमेंटचे, भक्कम. पाठीवर क्लबाचं नाव, बोधचिन्ह, अध्यक्ष-सचिवांची नावं, सगळं लाल अक्षरांत. आता ही नावं रस्त्यावरच्या माणसाला दिसायला नकोत का? म्हणून बाकांच्या पाठी रस्त्याकडे केल्या. बसणाऱ्याचं तोंड आलं भिंतीकडे, आणि भिंत इतकी जवळ की गुडघे आपटतात. आजही तिथे बायामाणसं शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली असतात. शाळेत पाण्याचं यंत्र दिलं, उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो निघाले, आणि मग कळलं की त्या खोलीत नळच नाही. नळवाला अध्यक्ष आणि नळ नाही! मी इतकी हसले की सुई बोटात गेली. भावोजी म्हणाले, “मेहुणीबाई, प्रकल्प म्हणजे प्रकल्प. देखभाल हा वेगळा विषय आहे.”

मीटिंग झाली की ‘फेलोशिप’ असते. हा शब्द तोंडात घोळवून म्हणायचा. म्हणजे जेवण. मीटिंग अर्ध्या तासात आटपते, फेलोशिप काही आटपत नाही. सगळे एकमेकांना ‘मित्र’ म्हणतात. मित्र डॉक्टर, मित्र वकील, मित्र औषधवाले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, पण त्याआधी स्वतः पोटभर खाऊन घ्यायचं, असा एकंदर कारभार.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हसत राहिले असते. पण ताई पडली.

दुकानातच पडली, नमुन्याच्या गुळगुळीत फरशीवर, गिऱ्हाइकाला रंग दाखवता दाखवता. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, तरी हाड नीट धरलं नाही. डॉक्टरने सांगितलं, आता पायावर उभं राहणं कठीण, आणि कुणी काखेत हात घालून उचलू नका, सळई सरकली तर पुन्हा कापावं लागेल. व्हीलचेअर घ्या म्हणजे हिंडता-फिरता येईल. एवढंच. फार मोठं मागणं नव्हतं.

आमची आई तोवर खाटेला खिळली होती. वय झालं, दुसरं काही नाही. ताई पडण्याआधी रोज दुपारी दुकान बंद करून यायची, आईची वेणी घालायची. दोघी फारसं बोलायच्याही नाहीत. ताईचा हात केसांतून फिरला की आईचे डोळे मिटायचे. ताईचं यायचं थांबलं, तशी आई मला विचारायला लागली, “थोरली का येत नाही? रागावली का?” मी सांगितलं पडली म्हणून. ते तिच्या लक्षात राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “थोरली रागावली का गं?” मी वेणी घालायला बसले की डोकं बाजूला घ्यायची. “तू ओढतेस,” म्हणायची.

ताईचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. पण माझी गल्ली अशी अरुंद की भावोजींची गाडी तोंडाशीच थांबते. एकदा मी शेजारच्या दोघांना घेऊन गेले, ताईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, उचलून निघालो. दारातच खुर्चीचा पाय मुडपला. ताई पडली नाही, पण कळ अशी गेली की तिचा चेहरा पांढराफटक झाला. डॉक्टर मला म्हणाला, “असले उद्योग पुन्हा केलेत तर मला बोलावू नका.”

आणि नेमक्या त्याच सुमाराला भावोजींच्या घरी व्हीलचेअर आल्या. एक नाही, टेम्पो भरून. परगावच्या कुठल्याशा मोठ्या क्लबाने गरजूंना वाटायला पाठवल्या होत्या. क्लबाच्या हॉलमध्ये ओल येते म्हणून त्या भावोजींच्या पुढच्या खोलीत ठेवल्या. नव्या कोऱ्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर क्लबाचं नाव. पुढच्या खोलीचं दार उघडं असलं की ताईला पलंगावरून सगळ्या दिसायच्या.

मी म्हटलं, “वा! सुटलो एकदाचे. भावोजी, काढा एक.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिजोरी फोडायला सांगतेय. “मेहुणीबाई, या गरजूंसाठी आहेत.”

“मग ताई कोण आहे?”

“ती माजी अध्यक्षांची पत्नी आहे. उद्या लोक म्हणतील, घरात माल आला आणि पहिला हात यांनीच मारला. माझ्या इतक्या वर्षांच्या निष्कलंक सेवेचं काय?”

“मग विकत घ्या.”

“घरात एवढ्या असताना विकत? शोभेल का ते? अहो, यादीपेक्षा एखादी जास्त असतेच. पुढच्या रविवारी प्रांतपालांच्या हस्ते वाटप आहे. वाटप झालं की उरलेली रीतसर घेऊ. एक आठवड्याचा तर प्रश्न आहे.”

प्रांतपाल म्हणजे या सगळ्या क्लबांचा वरचा साहेब. तो आल्याशिवाय यांच्याकडे पानही हलत नाही. एक आठवडा म्हणजे काही फार नव्हे, असं आम्हा दोघींनाही वाटलं, आणि इथेच आम्ही फसलो. त्या रविवारी प्रांतपालांच्या घशाला काहीतरी झालं. पुढच्या रविवारी त्यांच्या पुतणीचं लग्न. त्याच्या पुढे ते परदेशी अधिवेशनाला गेले. दर वेळी “पुढचा रविवार पक्का.” इतके महिने जातील असं आधीच कुणी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी कुठूनही खुर्ची आणली असती. पण आठवड्यासाठी कोण एवढा खटाटोप करतं? असे आठवडे-आठवडे करत ऋतू बदलला. यादीतले गरजूही तिकडे आपापल्या घरी खितपत पडले असणारच, त्यांचा तर कुणी विचारही करत नव्हतं.

शेवटी मी औषधवाल्याकडे गेले. तो व्हीलचेअर भाड्याने देतो. ठरवली, माणूस संध्याकाळी पोचवतो म्हणाला. संध्याकाळ झाली, खुर्ची नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तो घुटमळत म्हणाला, “टेलरबाई, अध्यक्षसाहेबांचा फोन आला होता. नको म्हणाले.” मित्र औषधवाले! मी लक्षातच घेतलं नव्हतं. तडक भावोजींच्या घरी गेले.

“तुम्ही खुर्ची परत पाठवलीत?”

“माझ्या घरी भाड्याची खुर्ची? आणि तीसुद्धा क्लबातल्या माणसाकडून? फेलोशिपला हाच विषय झाला असता.”

“तिकडे आई रोज हिची वाट बघतेय, भावोजी. तिचं काही खरं नाही आता.”

“मला कल्पना आहे,” ते म्हणाले, आणि आवाज एकदम भाषणाचा झाला. “आईंविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.”

नितांत आदर! मी ताईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि पुढच्या खोलीत शिरले. पहिल्या खुर्चीच्या प्लॅस्टिकला कात्री लावणार, तेवढ्यात पलंगावरून ताईच ओरडली. “धाकटे, नको! लोकांच्या वस्तू आहेत त्या. त्यांची मान खाली जाईल.” भावोजी दारात उभे राहून मला दाखवत होते, बघा, ती किती समजूतदार आहे. मला दोघांचाही राग आला. नवऱ्याचा जास्त, पण तिचाही. कात्री टेबलावर आपटली आणि निघून आले. वाटेत रडले. घरी आले तर आई म्हणाली, “थोरली आली का?” मी म्हटलं, “उद्या येते.” त्या दिवसापासून रोज हेच सांगत होते.

मग प्रांतपाल सापडले. रविवार ठरला, टेम्पो येऊन खुर्च्या हॉलवर गेल्या. भावोजी ताईला सांगून गेले, दुपारी उरलेली खुर्ची घेऊन येतो, संध्याकाळी आईंकडे जाऊ. ताईने शनिवारीच कंगवा आणि तेलाची बाटली पिशवीत घालून उशाशी ठेवली होती. मोलकरणीने मला नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी मी आईला चहा द्यायला गेले, तर आई गेलेली होती. झोपल्यासारखीच. हात लावला तेव्हा कळलं.

शेजारणीला आईपाशी बसवून भावोजींना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. मी ताईच्या घरी धावले. पुढची खोली रिकामी, ताई एकटी पलंगावर. माझं तोंड बघूनच तिला समजलं. रडली नाही. म्हणाली, “मला ने.” पुन्हा म्हणाली, “धाकटे, कशीही ने, फरपटत ने, पण ने.” मी म्हटलं, “आलेच.” आणि हॉलचा रस्ता धरला.

क्लबाचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली दुकानं आहेत, बाजूला मोकळं पटांगण आहे, पण स्टेज वर आहे ना! मी पोचले तेव्हा अपंग माणसांना वर चढवायचं काम चाललं होतं. कोट घातलेले मित्र वकील एका म्हाताऱ्याला पाठुंगळी घेऊन जिन्याच्या मध्यावर थांबले होते, धापा टाकत. म्हातारा बिचारा त्यांची समजूत काढत होता, “साहेब, दमानं घ्या, मला काही घाई नाही.” एक बाई बसल्या बसल्या हातांवर जोर देत एकेक पायरी स्वतःच चढत होती, आणि फोटोग्राफर तिला बाजूला व्हायला सांगत होता, कारण प्रांतपालांच्या उतरण्यासाठी वरून गालिचा अंथरत आणायचा होता. चालता न येणाऱ्यांना जिना चढवून वर न्यायचं आणि तिथे खुर्ची द्यायची! म्हणजे पुन्हा खुर्चीसकट खाली. इतके डॉक्टर, वकील, इंजिनियर, पण हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं.

मी त्यांच्यामधून वर गेले. स्टेजवर प्रांतपाल, मागे मोठा बॅनर, समोर ओळीने खुर्च्या आणि त्यांत बसवलेली माणसं. एक खुर्ची मात्र रिकामी राहिली असावी. यादीतला एक जण वाट बघता बघता वारला होता, ते मला मागाहून कळलं. रिकामी खुर्ची फोटोत बरी दिसत नाही, म्हणून तिच्यात हॉलचाच पहारेकरी बसवला होता, मांडीवर शाल टाकून. चांगला धडधाकट माणूस, रोज जिना झाडतो. मला बघून त्याने मान खाली घातली.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. “ऊठ.”

तो सुटल्यासारखा ताडकन उठला. शाल खाली पडली. प्रांतपाल बघतच राहिले, आणि फोटोग्राफरने सवयीने फोटोही काढला. भावोजी स्टेजवरून धावत खाली आले, छातीवर बिल्ला, हातात घडी घातलेला कागद.

“अहो मेहुणीबाई, काय हे? कार्यक्रम चालू आहे.”

“आई गेली.”

त्यांचं तोंड उघडं राहिलं. क्षणभर, खरंच सांगते, मला तो जुना बुजरा माणूस दिसला, पाणी मागायला लाजणारा. वाटलं, आता हा बिल्ला काढेल आणि माझ्याबरोबर येईल. त्यांनी स्टेजकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे.

“तुम्ही पुढे व्हा,” ते हळूच म्हणाले. “खुर्ची न्या, मी सांभाळून घेतो. मी आलोच. फक्त आभारप्रदर्शन माझ्याकडे आहे.”

मी थुंकले नाही, एवढाच मोठेपणा. खुर्ची वळवली आणि दाराकडे निघाले. तेवढ्यात कुणीतरी प्रांतपालांच्या कानाला लागलं, आणि माईकवरून घोषणा झाली, “आपल्या माजी अध्यक्षांच्या सासूबाईंना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.” सगळे उठले. ज्यांना उठता येतं ते सगळे. दारात उभे असलेलेही जागच्या जागी ताठ झाले, हात जोडून, डोळे मिटून, दार अडवून. मी म्हणतेय, “सरका, जाऊ द्या,” आणि एक जण डोळे न उघडता मला “शूऽऽ” करतोय. माझ्या आईसाठी उभे होते, आणि आईकडे जायची वाट मला देत नव्हते. शेवटी पहारेकऱ्यानेच दोघांना खांद्याने बाजूला केलं, खुर्ची डोक्यावर घेतली आणि जिना उतरला.

ताईला खुर्चीत बसवायला तोवर आलेली मोलकरीण आणि मी पुरलो. डॉक्टरने सांगितलं होतं तसं, चादरीवरून सरकवत. मी खुर्ची ढकलत निघाले. पडल्यापासून ताई पहिल्यांदाच रस्त्यावर आली होती. आमच्या गल्लीत खुर्ची बरोबर मावली, भिंतींना घासलीसुद्धा नाही. इतकं सोपं होतं ते. मला तेच सहन होईना, की ते इतकं सोपं होतं.

ताईने आईच्या खाटेला खुर्ची भिडवायला लावली. पिशवीतून कंगवा काढला आणि आईची वेणी घातली. तेल लावून, नीट, सावकाश. कुणी घाई केली नाही. मग विचारलं, “मला विचारत होती का?”

“रोज.”

“काय म्हणायची?”

खोटं सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही. “म्हणायची, थोरली रागावली का.”

तेव्हा ताई रडली. अशी रडली की शेजारीपाजारी दारातून मागे सरले.

भावोजी दुपारी आले. बिल्ल्यासकट, मित्र डॉक्टर आणि मित्र वकिलांना घेऊन, आणि बरोबर फुलांचं एक भलंमोठं चक्र, त्यावर क्लबाचं नाव. ताईच्या खुर्चीमागे उभे राहिले, जसं काही ती त्यांनीच आणली. मित्र वकील माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आईंच्या स्मरणार्थ पुढच्या प्रकल्पात एक खुर्ची द्यायची इच्छा असेल, तर आम्ही नाव टाकू शकतो.” माझ्या हातात तेव्हा आईला पांघरायची चादर होती.

सगळं आटोपल्यावर भावोजी ताईला म्हणाले, “चल, निघू या.” ताई म्हणाली, “मी आता इथेच राहते.” त्यांना वाटलं, चार दिवस. ताई आईच्या खोलीत राहायला लागली. आठवड्याभराने दुकानाच्या किल्ल्याही तिने मोलकरणीच्या हाती नवऱ्याकडे पाठवून दिल्या. आता ती माझ्याकडे गणवेशांची बटणं लावते, गिऱ्हाइकांशी भावही करते. माझ्यापेक्षा चांगला करते. तिकडे नळांच्या दुकानात भावोजींना कुठला नळ कुठल्या खोक्यात आहे ते सापडत नाही, असं कानावर येतं. क्लबात ते सांगतात, पत्नी शोकात असलेल्या बहिणीची सेवा करायला गेली आहे. टाळ्या पडतात म्हणे.

परवा आले. नवा कोट. दाराच्या आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्याशीच उभे राहिले.

“अगं,” ताईला म्हणाले, “खुर्च्यांच्या प्रकल्पाला प्रांताचा सेवा पुरस्कार मिळालाय. प्रकल्पप्रमुख म्हणून मला. स्वतः प्रांतपाल देणार.”

ताई बटण लावत होती. “बरं झालं.”

“पत्नीलाही स्टेजवर बोलवतात. जोडीने घ्यायचा असतो. एकटा गेलो तर बरं दिसत नाही.” मग माझ्याकडे एक नजर टाकून, घाईघाईने, “जिन्याची काळजी करू नकोस. मी चौघांना सांगून ठेवलंय. खुर्चीसकट उचलून वर नेतील.”

ताईने दोरा दाताने तोडला. गणवेश बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. “मला चौघं एकदाच उचलणार आहेत,” ती म्हणाली. “त्या दिवशी या. आणि त्या दिवशी तरी आभारप्रदर्शन दुसऱ्या कुणाला द्या.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल, रडेल, निदान तिचं नाव घेईल. त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मग तिकडे मी काय सांगू?” त्यांनी विचारलं.